भिंतीवरचं नाव

बारावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी
मामा पेढे घेऊन आला
आणि खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाला,
"फार्मसी कर गं. डिप्लोमा, दोनच वर्षं.
सर्टिफिकेट काचेत घालायचं, कुणाच्या तरी दुकानात टांगायचं,
घरबसल्या महिन्याला भाडं."
जणू मी पोरगी नव्हते,
शाहूपुरीतला रिकामा गाळा होते.

बाबा काहीच बोलले नाहीत.
उद्यमनगरात लेथपुढं सव्वीस वर्षं उभ्या राहिलेल्या माणसाला
'घरबसल्या' हा शब्दच कळत नाही.
दुसऱ्या दिवशी मात्र मला स्कूटरवर घातलं
आणि सीपीआरच्या दाराजवळ, मुल्लाणी मॅडमच्या दुकानात सोडलं.
"आठ दिवस बघू दे हिला. पगार नको."

पहिल्या दिवशी हातात फक्त फडकं आलं.
दुसऱ्या दिवशी कळलं, डॉक्टरचं अक्षर वाचायचं नसतं,
ओळखायचं असतं,
लांबून चालीवरनं माणूस ओळखावा तसं.
आणि शंका आली तर फोन लावायचा.
"लाजलीस, तर कुणीतरी मेलं,"
मॅडम म्हणाल्या, सुट्टे पैसे मोजता मोजता.

फ्रीजच्या दाराला दोरीनं बांधलेली एक वही.
सकाळचं तापमान, संध्याकाळचं तापमान, पुढं सही.
महापुराच्या आठवड्यात फक्त पानं कोरी,
आणि एक ओळ:
'इन्सुलिन डेअरीच्या कोठीत, लोण्याशेजारी. सगळं नीट.'

पाचव्या दिवशी तालमीतला एक पोरगा आला,
कान अजून कोवळे, मोडायचे राहिलेले.
"दंड भरायचं ते इंजेक्शन द्या की."
"चिठ्ठी?"
"चिठ्ठी कशाला मॅडम, सगळेच घेत्यात."
"गंगावेशीत जा. म्हशीचं धारोष्ण पी. दोन वर्षं थांब."
तो थांबला नाही.
चार दुकानं सोडून पलीकडं गेला
आणि खिसा चाचपत बाहेर आला.
त्या दुकानातही भिंतीवर काचेत एक नाव आहे.
नावाची बाई, म्हणतात, लग्न होऊन पुण्याला गेली.
मॅडमनी शटरची पट्टी उगाचच पुसली.
मला मामाचे पेढे आठवले.

सहाव्या दिवशी राधानगरीकडची एक म्हातारी,
तीन पाकिटं, अक्षरओळख नाही.
मॅडमनी स्केचपेन माझ्याकडं सरकवला.
मी सकाळच्या गोळीवर सूर्य काढला,
दुपारच्या गोळीवर भाकरी,
रात्रीच्या गोळीवर चंद्रकोर. मला माझंच कौतुक वाटलं.
म्हातारीनं पाकीट डोळ्यांजवळ धरलं.
"बाई, ह्यो चंद्र अर्धा हाय.
पुनवंला गोळी घ्याची का न्हाई?"
मी हसले.
ती हसत नव्हती.

रसायनशास्त्रात मला एकाहत्तर आहेत.
चंद्र पुसून मी अंथरूण काढलं, उशीसकट,
आणि तिच्याकडनं तीनदा वदवून घेतलं,
कुठली कधी, कशाबरोबर, विसरली तर काय.
मागं रांग ओरडत होती.
मॅडम रांगेकडं बघत होत्या, माझ्याकडं नाही,
आणि बहुतेक तीच शाबासकी होती.

आठव्या दिवशी मामाचा फोन.
"ठरलं का?"
म्हटलं, बी.फार्म भरतेय, चार वर्षं.
"चार? आणि मग?"
मग काय, माहीत नाही मामा.
कारखाना असेल, प्रयोगशाळा असेल,
नाहीतर असंच एखादं दुकान, दवाखान्यासमोर, धुळीत.
पण नाव टांगलं तर
त्याच्या खाली मी असणार.

घरी आले तेव्हा पोटऱ्या दगड झालेल्या.
त्या दुकानात स्टूल आहे,
त्यावर कोणी बसलेलं मी आठ दिवसांत पाहिलं नाही.
बाबांनी माझ्या पायांकडं पाहिलं,
आत गेले,
आणि गरम पाण्याची, मीठ टाकलेली बादली
माझ्यापुढं सरकवली.
त्यांचीच. रोजची.
आज त्यांनी ती नंतर घेतली.